नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका: जोखमीचा आकडा कसा काढायचा आणि कसा वापरायचा

नवजात बाळाचा सेप्सिस (रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) ओळखणं अवघड का जातं? जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत आजारी बाळ आणि बाहेरच्या हवेला सरावत असलेलं धडधाकट बाळ बरंचसं सारखंच दिसतं. दोघांचाही श्वास जलद चालतो, दोघंही दूध ओढायला कुरकुरतात, दोघांचेही तळपाय गार लागतात. एकाला तासाभरात अँटिबायोटिक मिळायला हवं असतं. दुसऱ्याला आईच्या छातीशी ठेवलं की पुरतं.

पूर्वी यावर सरसकट उपाय होता. आईला ताप आला, पाणी जाऊन १८ तास झाले, की बाळ कितीही छान असो, त्याला सुई लावून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) न्यायचं. त्यातून काही बाळं वाचली हे खरं. पण संसर्ग नसलेल्या कितीतरी बाळांना औषधं गेली, ती आईपासून तुटली, स्तनपानाची सुरुवात बिघडली, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं नुकसान झालं. वेळेच्या फार आधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये कल्चर (रक्तात जंतू वाढतात का हे बघणारी तपासणी) निगेटिव्ह असताना अँटिबायोटिक ५ दिवस किंवा त्याहून जास्त चालू ठेवणं आणि आतड्याचा गंभीर आजार किंवा मृत्यू यांचा संबंधही अभ्यासांत दिसला आहे. म्हणून जोखीम मोजणारी साधनं आली.

हा लेख पोस्टनेटल वॉर्डात किंवा एनआयसीयूत नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. माझं ठाम मत आहे की या साधनांचा खरा फायदा शेवटी मिळणाऱ्या आकड्यापेक्षा तो काढण्यासाठी घ्यावी लागणारी नेमकी माहिती आणि पुन्हा पुन्हा करावी लागणारी तपासणी यांत आहे. ही दोन कामं नीट झाली तर आकडा उपयोगी पडतो, नाहीतर तो फसवतो. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच पाळा. त्यामागचा विचार कळावा म्हणून हे वाचा.

आधी साधनांची ओळख

सर्वांत जास्त वापरात असलेलं साधन म्हणजे अमेरिकेतल्या कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेचं सेप्सिस कॅल्क्युलेटर. १९९३ ते २००७ या काळात कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या १४ रुग्णालयांत झालेल्या ६ लाखांहून जास्त जन्मांवरून त्याचं गणित बसवलं. आईची माहिती भरली की दर हजार बाळांमागे किती बाळांना संसर्ग असू शकेल हा आकडा मिळतो, आणि बाळाच्या तपासणीनुसार तो खाली-वर होतो. उत्तर कॅलिफोर्नियात ते लागू केल्यानंतरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २ लाखांहून जास्त बाळं होती. ब्लड कल्चर घेण्याचं प्रमाण १४.५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आणि पहिल्या २४ तासांत अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं, आणि बाळांचं नुकसान वाढल्याचं दिसलं नाही.

दुसरी पद्धत ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमधली. तिच्यात गणित नाही, यादी आहे. धोक्याच्या काही खुणा 'लाल', बाकीच्या साध्या. एक जरी लाल खूण असली किंवा दोन साध्या एकत्र आल्या तरी अँटिबायोटिक सुरू करायचं. एकच साधी खूण असेल तर विचार करून ठरवायचं, आणि औषध दिलं नाही तर निदान १२ तास बाळावर लक्ष ठेवायचं. याच सूचनांत कॅल्क्युलेटरलाही पर्याय म्हणून परवानगी आहे, पण वापराची नोंद ठेवून नियमित पडताळणी करायची या अटीवर.

तिसरी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेची, जिथे लॅब नाही आणि मोठं रुग्णालय लांब आहे अशा ठिकाणांसाठीची. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण घरी जाणाऱ्या बाळाच्या आईला तीच सर्वांत उपयोगी पडते.

कॅल्क्युलेटर कोणत्या बाळाला लावायचं नाही हे आधी पाठ करा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ त्यात बसत नाही. ते जन्मानंतर लगेच दिसणाऱ्या, आईकडून आलेल्या संसर्गासाठीच आहे. पाचव्या दिवशी सुस्त झालेल्या बाळाची माहिती त्यात भरून 'जोखीम कमी' असं उत्तर मिळवणं निव्वळ धोक्याचं आहे. तिथे जंतू वेगळे, वाट वेगळी, निर्णयही वेगळा.

पायरी १: बाळ आजारी आहे का, एवढंच आधी बघा

मोबाईल खिशात ठेवा आणि बाळाजवळ जा. श्वास मध्येच थांबतो आहे, झटके आलेत, जन्मानंतर छाती दाबून पुनरुज्जीवन करावं लागलं, व्हेंटिलेटर लागला, किंवा रंग राखाडी पडून नाडी क्षीण झाली आहे: नाइसच्या यादीत या लाल खुणा आहेत. यांपैकी काहीही असेल तर गणित करत बसू नका. वरिष्ठांना हाक मारा, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळा, कल्चर घ्या, औषध द्या. जुळ्या-तिळ्यांपैकी एका बाळाला संसर्ग असल्याची शंका असेल तर दुसऱ्यासाठीही ती लाल खूणच समजतात. ही गोष्ट फार विसरली जाते, कारण जुळ्यांतलं एक एनआयसीयूत आणि दुसरं आईजवळ असलं की दोन बाळांचे दोन वेगळे डॉक्टर होतात.

पायरी २: आईची माहिती, आणि ती नेमकी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. केस पेपरवर एक मजकूर, लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये दुसरा आणि आईच्या आठवणीत तिसराच, असं हमखास घडतं. तिन्ही बघा.

*गर्भाचं वय.* आठवडे आणि वरचे दिवस, दोन्ही हवेत. 'फुल टर्म' लिहून भागत नाही. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असेल तर तिची तारीख शेवटच्या पाळीच्या तारखेपेक्षा विश्वासाची. ३४ आठवड्यांच्या बाळाची जोखीम ३९ आठवड्यांच्या बाळापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे एका आठवड्याचा घोळसुद्धा आकडा हलवतो.

*आईचा सर्वांत जास्त ताप.* कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंतचं सर्वांत वरचं तापमान. शेवटचं किंवा सरासरी चालत नाही. या गणितात सर्वांत जड वजन यालाच आहे; आईचं तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढलं की जोखीम दुपटीहून वर जाते. म्हणून 'ताप होता, फार नव्हता' असं ऐकून अंदाजे आकडा टाकू नका. सेल्सिअस की फॅरनहाइट हेही बघा. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. पॅरासिटामॉल दिलं असेल तर त्याआधीचं तापमान शोधा. एपिड्युरलमुळे (कळा कमी करण्यासाठी पाठीत दिलेल्या भुलीमुळे) ताप आला असेल असं वाटलं, तरी आकडा जसाच्या तसा भरायचा. कारणाचा अंदाज बांधून तो कमी करायचा नाही. तापमान मोजलंच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. न मोजलेला ताप आणि नसलेला ताप यांत फार मोठा फरक आहे.

*पाणी जाऊन किती तास झाले.* पाणमोठ फुटल्यापासून जन्मापर्यंतचा वेळ. आईला नुसतं 'पाणी कधी गेलं?' विचारलं की ती भळभळून गेलेली वेळ सांगते. आदल्या रात्रीपासून थोडंथोडं ओलं लागत होतं हे तिला सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून 'त्याआधी कपडे ओले होत होते का?' हा प्रश्न वेगळा विचारा. कॅल्क्युलेटरमध्ये १८ तासांची लक्ष्मणरेषा नाही. जोखीम हळूहळू वाढते, आणि १७ तास ५० मिनिटं व १८ तास १० मिनिटं यांत खरंच काही फरक नसतो. यादीच्या पद्धतीत मात्र रेषा असतेच: नाइसनुसार कमी दिवसांच्या बाळासाठी १८ तासांहून जास्त, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी कळा सुरू होण्याआधी २४ तासांहून जास्त.

*जीबीएस.* ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आईच्या योनिमार्गात असला तरी तिला त्रास होत नाही, बाळाला मात्र गंभीर आजार होऊ शकतो. तपासणी केलीच नसेल तर 'माहीत नाही' हा पर्याय निवडा, 'निगेटिव्ह' नको. आधीच्या बाळाला जीबीएसचा आजार झाला होता का, हेही विचारा. कॅल्क्युलेटरमध्ये त्याला रकाना नाही, नाइसच्या यादीत आहे.

*कळांदरम्यान दिलेलं अँटिबायोटिक.* कोणतं दिलं आणि जन्माच्या किती तास आधी दिलं. जीबीएसपुरतं असेल तर २ तासांहून आधी दिलेलंच धरतात. व्यापक, म्हणजे अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारं असेल तर २ ते ४ तास आणि ४ तासांहून जास्त असे दोन वेगळे पर्याय असतात. सिझेरियनच्या चिऱ्याआधी दिलेला डोस २ तासांच्या आतला असतो, म्हणून तो 'काही दिलं नाही' यातच जातो. आठवड्यापूर्वी लघवीच्या संसर्गासाठी घेतलेल्या गोळ्याही इथे धरायच्या नाहीत.

प्रत्येक उत्तरासमोर ते कुठून मिळालं तेही लिहा: रजिस्टर, औषधांचा तक्ता की आईचं सांगणं. पुढच्या ड्युटीवर येणाऱ्याला त्याचा फार आधार होतो.

पायरी ३: तुमच्या ठिकाणचं प्रमाण आणि पहिला आकडा

कॅल्क्युलेटर सुरुवातीलाच विचारतं की तुमच्याकडे दर हजार जन्मांमागे असा संसर्ग किती बाळांना होतो. अमेरिकेत हजारी ०.५ हा आकडा सर्रास वापरतात. हा रकाना घाईने भरला जातो, खरं तर इथे युनिटने एकत्र बसून एकदाच ठरवायला हवं. प्रमाण दुप्पट निवडलं की प्रत्येक बाळाची जोखीम जवळजवळ दुप्पट होते. डॉक्टरागणिक हा आकडा बदलता कामा नये.

यात एक मोठी मेख आहे. हे गणित ज्या बाळांवरून बसवलं त्यांच्यात जीबीएस आणि ई. कोलाय हे मुख्य जंतू होते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्यात अॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे आघाडीवर होते, जीबीएस क्वचित सापडला, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू भरपूर होते. अशा ठिकाणी आईचा जीबीएस अहवाल निगेटिव्ह आला म्हणून मिळणारा दिलासा फार तोकडा आहे. संसर्गाचं प्रमाण जिथे खूप जास्त आहे तिथे या कॅल्क्युलेटरचा आकडा वास्तवापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणून ते लागू करण्याआधी आपल्याकडच्या जुन्या नोंदींवर पडताळून बघणं गरजेचं आहे. ज्या युनिटला ते जमत नसेल त्यांनी यादीची पद्धत आणि वारंवार तपासणी यांवर भर द्यावा असं मला वाटतं.

सगळं भरलं की जन्मवेळचा आकडा येतो. समजा तो हजारी ०.८ आला. हा निर्णय नव्हे. निर्णयाचा अर्धा भाग अजून पाळण्यात आहे.

पायरी ४: बाळाची तपासणी, एकदा नाही, पुन्हा पुन्हा

कॅल्क्युलेटर बाळाला तीनपैकी एका गटात टाकायला सांगतं: ठीक दिसणारं, शंकास्पद, आणि आजारी. २०१४ च्या मूळ गणितात जन्मवेळच्या आकड्याला ठीक बाळासाठी साधारण ०.४१ ने, शंकास्पद बाळासाठी ५ ने आणि आजारी बाळासाठी २१ ने गुणलं जातं. आपल्या ०.८ चं काय होतं बघा. बाळ ठीक असेल तर ०.३. शंकास्पद असेल तर ४. आजारी असेल तर जवळपास १७. आई तीच, बाळंतपण तेच, आणि केवळ तपासणीमुळे पन्नास पटींचा फरक. तरीही आपण आईच्या माहितीवर वाद घालतो आणि बाळाचा श्वास १५ सेकंद मोजून चारने गुणतो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट उघडं करून. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. १५ सेकंदांच्या मोजणीत ४८ चे ६४ सहज होतात. ६० किंवा जास्त म्हणजे जलद. नाडी स्टेथोस्कोपने ऐकून मोजा. १६० किंवा जास्त असेल तर नोंदवा, पण रडून झाल्यावर लगेच मोजलेली धरू नका. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. ३८ किंवा वर, अथवा ३६.४ च्या खाली गेलं तर ते विकृत धरायचं. पण आधी बघा की बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळलंय की ओल्या अंगाने पंख्याखाली ठेवलंय. कारण दूर करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. श्वास सोडताना कण्हण्याचा आवाज, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, हे बाळाला न उचलता दोन मिनिटं नुसतं बघितलं की दिसतं. छातीच्या मधल्या हाडावर बोट ५ सेकंद दाबून सोडा. रंग ३ सेकंदांत परतायला हवा.

आता 'शंकास्पद' ठरवायचं कसं? एकच बिघाड ४ तास किंवा जास्त टिकला, किंवा दोन अथवा जास्त बिघाड २ तास टिकले, तर बाळ शंकास्पद. लेबर रूमबाहेरही ऑक्सिजन २ तास किंवा त्याहून जास्त द्यावा लागला, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं यंत्र) किंवा व्हेंटिलेटर चालूच ठेवावा लागला, रक्तदाबासाठी औषध लागलं, झटके आले, किंवा जन्मानंतर ५ मिनिटांनी काढलेला अपगार (बाळाची अवस्था दाखवणारे दहापैकी गुण) ५ पेक्षा कमी होता, तर आजारी.

इथे वेळ महत्त्वाचा आहे आणि म्हणूनच नोंदी महत्त्वाच्या आहेत. तेच ०.८ चं बाळ घ्या. जन्मानंतर एका तासाने श्वास ७०, बाकी सगळं ठीक. दुसऱ्या तासाला ६६. तिसऱ्याला ५४, आणि बाळ स्तनाला लागून ओढतंय. हे बाळ ठीक. फुप्फुसातलं पाणी ओसरायला थोडा वेळ लागला, इतकंच. आता दुसरी शक्यता. पहिल्या तासाला श्वास ७० आणि कण्हणं. दुसऱ्याला ६६, कण्हणं चालूच. तिसऱ्याला ६८, कण्हणं आहेच, आणि स्तनाला लावलं की दोनदा ओढून झोपतं. दोन बिघाड २ तास टिकले. हे शंकास्पद, आकडा ४. दोन्ही बाळांच्या कागदावर दर तासाची नोंद नसेल आणि तिसऱ्या तासाला कोणीतरी फक्त 'श्वास जलद, निरीक्षण' असं लिहिलं, तर ही दोन बाळं कागदावर एकसारखी दिसतात.

बहुतेक आजारी बाळं पहिल्या २४ तासांत लक्षणं दाखवतात. पहिल्या तपासणीला ठीक असलेलं बाळ सहाव्या तासालाही ठीक असेल अशी खात्री नाही. गट बदलला की आकडाही बदलायचा.

पायरी ५: आकड्यावरून कृती

हजारी १ च्या खाली आणि बाळ ठीक असेल तर नेहमीची काळजी, आईजवळ, नियमित तपासणी. १ किंवा वर असेल तर ब्लड कल्चर आणि २४ तास दर ४ तासांनी तापमान, नाडी, श्वास. ३ किंवा वर असेल तर कल्चर आणि अँटिबायोटिक. आजारी दिसणाऱ्या बाळाला आकडा ३ च्या आत आला तरी औषध सुरू करण्याकडेच कल ठेवायचा.

आकडा आणि तुमची नजर यांचं जमत नसेल तर? आकडा ०.६, पण बाळ 'बरं वाटत नाही', किंवा अनुभवी परिचारिका सांगते की हे बाळ सकाळपेक्षा मंद आहे. अशा वेळी वरिष्ठांना बोलवा आणि औषध देण्याच्या बाजूने झुका. उलट दिशेने मात्र झुकू नका: आकडा ५ आला आणि बाळ गोंडस दिसतंय म्हणून एकट्याने औषध टाळायचं नाही. जास्त काळजी घेण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला असावं, कमी करण्याचं फक्त वरिष्ठांशी बोलून.

पायरी ६: कल्चर आणि पहिला डोस

औषधाआधी ब्लड कल्चर. किमान १ मिलिलिटर रक्त हवं; अर्ध्या मिलिलिटरच्या नमुन्यात थोडे जंतू निसटून जातात आणि मग निगेटिव्ह अहवालावर विश्वास ठेवता येत नाही. त्वचा जंतुनाशकाने पुसा आणि ते पूर्ण वाळू द्या, घाईत ओल्यावरच सुई टोचली तर त्वचेवरचेच जंतू बाटलीत जातात. आधीपासून लावलेल्या आयव्ही लाइनमधून नमुना घेऊ नका.

सोबत सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं रक्तातलं प्रथिन) पाठवा, पण पहिल्या सीआरपीवर निर्णय घेऊ नका. संसर्गानंतर तो वर यायलाच काही तास जातात, आणि अवघड बाळंतपणानंतर तो संसर्गाशिवायही वाढतो. नाइसप्रमाणे दुसरा नमुना १८ ते २४ तासांनी घेऊन चढ-उतार बघायचा. पाठीतलं पाणी सर्व बाळांचं काढत नाहीत. संसर्गाची शंका बळकट असेल, मेंदूज्वराची लक्षणं असतील किंवा नंतर कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर काढायचं.

औषध द्यायचं ठरलं की तासाभरात पहिला डोस जायलाच हवा. रक्त मिळत नाही, एक्स-रे बाकी आहे, पाठीतलं पाणी काढायला वरिष्ठ येतायत, या कारणांनी डोस अडवू नका. कोणतं औषध हे तुमच्या युनिटच्या अँटिबायोग्रामवर (तिथले जंतू कोणत्या औषधांना दाद देतात याच्या तक्त्यावर) ठरतं. ब्रिटनमध्ये बेंझिलपेनिसिलिन आणि जेंटामायसिन, अमेरिकेत अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही नेहमीची जोडी. नवजात बाळाच्या डोसमध्ये दशांश चिन्ह एका घराने सरकलं तर दहापट औषध जातं, म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब करून मगच द्या.

पायरी ७: थांबवायची वेळ सुरुवातीलाच लिहा

ही पायरी मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे, कारण सुरू करताना सगळे दक्ष असतात आणि थांबवताना कोणीच नसतं. पहिल्या डोसच्या ऑर्डरखालीच लिहा: 'कल्चर अमुक वाजता पाठवलं. ३६ तासांनी, अमुक तारखेला अमुक वाजता, फेरविचार.' ती वेळ रात्री २ ची आली तरी लिहा, म्हणजे हँडओव्हरमध्ये ती बोलली जाते.

३६ तासांनी चार गोष्टी बघा. कल्चर निगेटिव्ह आहे का, सुरुवातीची शंका फार बळकट नव्हती ना, बाळ आता ठीक आहे का, सीआरपीचा कल दिलासा देणारा आहे का. चारही ठीक असतील तर थांबवा. 'सुरू केलंच आहे तर ५ दिवस पूर्ण करू' याला शास्त्राचा आधार नाही. खरे जंतू वाढायचे असले तर बहुतेक कल्चर तोवर पॉझिटिव्ह आलेलं असतं. यासाठी लॅबशी आधीच ठरवून ठेवा की रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही ३६ तासांचा निकाल फोनवर मिळेल. ही व्यवस्था नसली की सारी बाळं सोमवारपर्यंत औषधावर राहतात.

कल्चर पॉझिटिव्ह आलं, तर रक्तातल्या संसर्गासाठी साधारण ७ दिवस, मेंदूज्वर असेल तर बरंच जास्त. जंतूचं नाव आणि संवेदनशीलता कळली की औषध त्यानुसार बदला.

आई-वडिलांशी बोलताना

आकडा सांगू नका, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, फक्त नीट सांगायला हवा. 'बाळ आत्ता छान आहे. तुम्हाला कळांमध्ये ताप आला होता, म्हणून संसर्गाची शक्यता किती ते आम्ही मोजलं. अशी हजार बाळं असतील तर एकाहून कमी बाळाला संसर्ग निघतो. म्हणून औषध देत नाही, पण नियमित येऊन बघू. मध्ये तुम्हाला काही वेगळं वाटलं तर वाट न बघता बोलवा.' एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. 'आज हा काल ओढत होता तसा ओढत नाही' हे आईचं वाक्य तक्त्यावरच्या नोंदीइतकंच मोलाचं आहे. ऐकलं की वेळ टाकून लिहून ठेवा आणि बाळ बघा.

घरी पाठवताना

इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या खुणा कामाला येतात. दोन महिन्यांखालच्या बाळात यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात आणायचं: दूध नीट ओढत नाही किंवा ओढणं थांबलं, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती खोल आत ओढली जाणं, ताप ३८ सेल्सिअस किंवा वर, अंग ३५.५ च्या खाली गार, हलवल्याशिवाय हालचाल नाही किंवा हालचालच नाही. वाचून दाखवून कागद हातात देणं पुरेसं नाही. आईला आणि घरी बाळाजवळ जी व्यक्ती असणार आहे तिला श्वास मोजून दाखवा, छाती कुठे आत जाते ते बोटाने दाखवा, मग त्यांच्याकडून मोजून घ्या.

बाळाला जीबीएसचा आजार झाला असेल तर डिस्चार्ज कार्डवर आईच्या नावाने वेगळी ओळ लिहा: पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायचं, कारण त्या वेळी कळांमध्ये अँटिबायोटिक द्यावं लागेल. ही ओळ फक्त बाळाच्या फाइलमध्ये राहिली तर पुढच्या बाळंतपणाला ती फाइल कोणी उघडत नाही.